घाटात अडकणारा ट्रक

दादानं लागोपाठ तिसऱ्या दिवशी ट्रक घाटातच सोडला आणि तो खुर्चीवरून उठला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही न्हाई. बस झालं."

"दोनच तर वळणं राहिली होती."

"बस झालं म्हणलो ना."

उजव्या हातानं त्यानं डावा हात उचलला, पोटाशी धरला आणि पाय ओढत पडवीतल्या बाजेकडे गेला. पडद्यावर ओंडके भरलेला निळा ट्रक वळणावर आडवा उभा होता. मी त्याच्याकडे पाहत बसलो. राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. त्या दिवसांत तसं काही वाटणंच बंद झालं होतं. सकाळची शाळा करून यायचं, लाईट आली की दादाला खुर्चीत बसवायचं, मग जेवायचं. एवढंच.

भुजंगदादा माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. केदारखेड्यात आणि आजूबाजूच्या वीस-पंचवीस गावांत सप्ताह बसला की मृदंगाला तोच. तीस वर्षं. कीर्तनाला बुवा कोणी का असेनात, त्यांनी अभंगाचं पहिलं चरण उचललं की सगळे टाळकरी आधी दादाच्या हाताकडे बघायचे. मी टाळकऱ्यांत, दुसऱ्या ओळीत. तिथंच उभा राहायचो, कारण तिथून दादाचा डावा हात दिसायचा. मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावलेली असते. तिच्यावर त्याचा पंजा पडला की छातीत घुमायचं. बुवांचं निरूपण डोक्यात शिरायला वेळ लागतो, पण तो घुमारा अगोदर आत जाऊन त्याच्यासाठी जागा झाडून ठेवायचा.

दिवाळीनंतर चौथ्या दिवशी दादाला लकवा मारला. डावी बाजू गेली. जीभ पंधरा दिवसांत परत आली. पाय दोन महिन्यांत काठीपुरता आला. हात आला नाही.

जालन्याच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, बोटं रोज हलवायची, कंटाळा करायचा नाही. दुसरं, झटका परत येऊ शकतो. तोंड वाकडं व्हायला लागलं, डोळ्यापुढचं गेलं, तर जल्दी गाडी करून आणा. दाबायला म्हणून त्यांनी रबराचा एक चेंडू दिला. दादानं तो चार दिवस दाबला. पाचव्या दिवशी वैनींना म्हणाला, "हा कुत्र्याला टाक."

त्या चार दिवसांत एकदा मी म्हणालो होतो, "दादा, करंगळी हलली! मी पाहिली." ती हलली नव्हती. त्याला बरं वाटावं म्हणून म्हणालो. दादा त्या करंगळीकडे बराच वेळ पाहत राहिला आणि मग त्यानं माझ्याकडे पाहिलं.

आम्हा मास्तर लोकांना तेव्हा कॉम्प्युटरची परीक्षा देणं भाग होतं. म्हणून मी जालन्याच्या एका मास्तरांचा जुना कॉम्प्युटर घरी आणला होता. त्यांच्या पोरांनी त्यात एक खेळ टाकून ठेवला होता. खालच्या गावात ट्रकमध्ये ओंडके भरायचे आणि घाट चढून वरच्या गावाला पोचवायचे. डावीकडे वळायला एक बटण, उजवीकडे एक, पुढं जायला एक. माझ्या मनात आलं, ही तिन्ही बटणं कीबोर्डच्या डाव्या अंगाला लावून घेतली तर? तसं करता येतं, हे मला कोर्समध्ये कळलं होतं. लावून घेतली आणि दादाचा डावा हात उचलून त्यांच्यावर ठेवला.

"हे काय?" दादा म्हणाला.

"ट्रक हाय. वर न्यायचा."

"माल कोणाचा?"

"कोणाचा का असंना. तू ने."

पहिल्या दिवशी त्यानं तीसेक ट्रक दरीत घातले. पण चेंडूसारखा ट्रक फेकून दिला नाही. महिन्याभरात त्याचं मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं बोट बटण दाबायला लागली. हे मात्र खरं होतं. मी सांगायची गरज नव्हती, ट्रक वळत होता.

ओट्यावरून जाणारा एखादा जण आत डोकावून म्हणायचा, "भुजंगा, या वयात ड्रायव्हर झाला का रे?"

"झालो. क्लीनर पायजे, येतो का?"

दिवाळीनंतर दादाच्या तोंडून निघालेली ती पहिली मस्करी. आत वैनी भाकरी थापत होत्या. त्यांचा हात परातीवर तसाच राहिला.

आणि मग होळीच्या पुढेमागे हे सुरू झालं. दादा चांगला खेळत असायचा. पंधराएक मिनिटांनी काहीतरी व्हायचं, हात पोटाशी घेऊन तो उठायचा. विचारलं तर, बस झालं. आधी दोन तास बसायचा, तो आता पाव तासावर आला.

मला वाटलं मशीनमध्ये काही बिघाड असेल. दादा उठला की जेवणं व्हायची, भांडी व्हायची, मग मी खुर्चीत बसून ट्रक चालवून बघायचो. पहिलं वळण, दुसरं वळण, पूल. लोण्यासारखा जायचा.

"दादा, बराबर चालतंय की. आत्ताच मी पुलापर्यंत जाऊन आलो."

बाजेवर पडल्या पडल्या त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुझं चालतं," म्हणाला आणि कूस बदलली.

हनुमान जयंतीच्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला मी गेलो. सकाळची वेळ होती. देऊळ आमच्या घरापासून साठ पावलांवर, तरी दादा आला नाही. दादाच्या जागी आता वसंता बसतो. दादाचाच शिष्य. मी माझ्या जागेवर उभा राहिलो. बुवा फार गोड सांगत होते, एरवी अशा निरूपणाला माझे डोळे भरून येतात. लोक हसायच्या जागी हसत होते, बाया पदर तोंडाला लावत होत्या. माझे हात टाळ वाजवत होते. सगळं ऐकू येत होतं, आत काही जात नव्हतं. भिंतीवर पाणी मारावं तसं सगळं खाली ओघळून जात होतं. प्रसाद घेतला आणि घरी आलो.

"वसंतानं कसं वाजवलं?" दादानं विचारलं.

"चांगलं वाजवलं."

"खरं सांग."

"लय वाढली की त्याचा डावा हात हलका पडतो."

"हं," दादा म्हणाला. "सांगितलं होतं त्याला."

दुसऱ्या दिवशी लाईट आल्यावर मी दादाला खुर्चीत बसवलं. पण त्या दिवशी पडवीत गेलो नाही. पेपर घेऊन त्याच्या मागेच भिंतीला टेकून बसलो. त्याला ते आवडलं नसावं. ट्रक निघाला. एक वळण, दोन वळणं. दादाची मान ताठ होती. मधलं बोट बटणावर पडत होतं, उठत होतं.

पंधराव्या-सोळाव्या मिनिटाला ट्रक ठेचकाळला. थांबला, एकदम हातभर पुढं गेला, परत थांबला. झाडं उभी राहिली, मग उडी मारून मागं गेली. कोणीतरी चित्राचे तुकडे करून मधले तुकडे फेकून दिल्यासारखं ते दिसत होतं.

दादाचा उजवा हात वर गेला. त्यानं ओठांचा डावा कोपरा चाचपला. मग उजवा डोळा झाकला आणि नुसत्या डाव्यानं पाहिलं. मग डावा झाकला. ओठ पुटपुटत होते. "विठ्ठल, विठ्ठल, विठ्ठल." जिभेला नाव घेता येतंय का तेही तो बघून घेत होता.

तेव्हा मला समजलं की गेला महिनाभर या खुर्चीत काय चाललं होतं.

"दादा, चित्र अडकतंय."

त्यानं मागं वळून पाहिलं नाही. "तुला दिसलं?"

"दिसलं."

"खरं?"

"खरं, दादा. शपथ."

"करंगळीचं बी खरंच सांगितलं होतं तू."

पेपर माझ्या मांडीवर होता. मी त्याची घडी घातली. परत उघडली.

"होळीपासून होऊन राह्यलं," दादा म्हणाला. "आधी वाटलं डोळा गेला. मंग वाटलं डोकं. दिवाळीला असंच झालतं. तुझी वैनी भाकरी वाढून राह्यली होती आणि तिचा हात मधीच थांबला. मी म्हणलो, अगं वाढ की. तिचा हात थांबलाच नव्हता. मी थांबलो होतो."

"मंग सांगितलं कामून न्हाई?"

"काय सांगू? तू रोज चालवून दाखवतो. तुझ्या हाताखाली बराबर चालतं. मंग फॉल्ट कोणात?"

मी त्याला पुन्हा सांगितलं की मला दिसलं, ट्रक अडकला, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तो मान हलवत राहिला. लहान लेकराच्या बडबडीला हो हो म्हणतात तशी.

"तू चांगला हायेस रामकिसन," म्हणाला. "पण चांगल्या माणसाचं काय खरं धरावं?"

दुसऱ्या दिवशी शाळेची सुट्टी टाकली, कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन एसटीनं भोकरदनला गेलो. तिथं बेबीनंदा मॅडमचा क्लास. बेबीनंदा वयानं माझ्या निम्मी, पण कॉम्प्युटरमधली माझी गुरू. परीक्षेला मी तीनदा चुकीचं बटण दाबलं तेव्हा तीनदा कपाळाला हात लावला होता तिनं. हाताखाली कोणी नाही. मशीन खोलणं, जोडणं, शिकवणं सगळं एकटी करायची.

"काय झालं सर? कोणाला घेऊन आले मांडीवर?"

मी सांगितलं. दादाचंही सांगितलं. ती ऐकताना हातातला स्क्रू ड्रायव्हर फिरवायची थांबली.

"चालू केल्यावर किती वेळानं अडकतं?"

"एक अभंग सावकाश म्हणून होतो एवढ्या वेळानं."

"सर, मिनिटात सांगा."

"ते बुवा कोण आहेत त्यावर आहे."

"सर!"

"पंधरा मिनिटं."

तिनं डबा उघडला. मेमरीची पट्टी काढली आणि माझ्याकडे हात पुढं केला. मास्तरच्या खिशात खोडरबर असणारच. पट्टीचे सोनेरी दात तिनं खोडरबरानं घासले, फुंकर मारली, परत बसवली. व्हायरस तपासला. सोबत आपोआप चालू होणारी चार-पाच फालतू सॉफ्टवेअरं काढून टाकली. खेळातल्या झाडांच्या सावल्या बंद केल्या, लांबचे डोंगर पुसट केले.

"जुनं मशीन आहे. सावल्या काढायला त्याला जड जातं. काकांना सावल्या नसल्या तर चालतील ना?"

"चालतील."

मग टेबलावर तो डबा तसाच उघडा ठेवून तिनं स्वतः खेळायला घेतलं. घाट चढली, दरीत पडली, परत चढली. वर्गातल्या पोरी मागं उभ्या राहून "मॅडम, डावीकडं! मॅडम, गेलं!" करत होत्या. अर्धा तास झाला. एकदाही अडकलं नाही.

"गेला आजार," बेबीनंदा म्हणाली. "घेऊन जा."

मी घेऊन आलो. आमच्या घरात वाद्याला जी रीत, तीच कॉम्प्युटरलाही होती. वाद्य भुईवर नुसतं ठेवायचं नाही, खाली आसन पाहिजे. उघडं ठेवायचं नाही, गवसणी पाहिजे. वडिलांपासून चालत आलेलं. म्हणून डब्याखाली घोंगडीची चौपदरी घडी होती. आणि समोरच्या राजूर रस्त्याची धूळ मार्च लागताच घरात यायला लागली तेव्हा वैनींनी मृदंगाला असते तशीच गवसणी डब्यालाही शिवून दिली होती. जाड पट्ट्यापट्ट्याचं कापड, आत कापूस, मागं नाडी. समोर बटणापुरतं एक भोक. मी डबा घोंगडीवर ठेवला, गवसणी घातली, नाडी ओढून गाठ मारली.

दादा बसला. मी मागं उभा राहिलो. चौदा मिनिटांनी ट्रक पहिल्याच वळणावर ठेचकाळला.

दादानं हात उचलला, पोटाशी घेतला.

"तिथं चालला?" त्यानं विचारलं.

"अर्धा तास चालला."

"तिथं मी नव्हतो."

"दादा, आत्ता मलाही दिसलं. तुझ्या मागंच उभा होतो ना मी?"

"तू भाऊ हायेस," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "हे बंद करून टाक रामकिसन. उद्यापासून मी बसणार न्हाई. बोटं जेवढी आली तेवढी आली."

त्यानंतर चार दिवस तो बसला नाही. बाजेवर पडून पत्र्याकडे पाहत राहायचा. वैनी हात चोळून द्यायच्या तेव्हा हातही दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा देऊन टाकायचा. पाचव्या दिवशी वैनींनी मला बाजूला घेतलं.

"भावजी, बोटं परत आखडून राह्यली. काल मी उघडून पाह्यली तर उघडंनात."

मी बेबीनंदाला फोन लावला. म्हणालो, घरी आलं की परत तेच. ती म्हणाली, "माझ्याकडं चालतं आणि तुमच्याकडं चालत नाही, म्हणजे मशीन बघून उपयोग नाही सर. घर बघावं लागेल. रविवारी येते."

रविवारी अकराला ती आली. वैनींनी पाणी दिलं. दादाला तिनं वाकून नमस्कार केला, "काका, मी सरांची मास्तरीण" म्हणाली, आणि ओढणी खोचून कॉम्प्युटरकडे वळली. वळली आणि जागेवरच थांबली.

"अय्या, सर! ह्याला स्वेटर कोणी घातलं?"

"स्वेटर न्हाई बाई," आतून वैनी म्हणाल्या. "गवसणी हाय. मी शिवली."

"खेळतानाही असते?"

"असतेच की. धूळ केवढी!"

"मृदंग वाजवताना गवसणी काढत नाहीत का तुम्ही?"

"मृदंगाची काढतात," मी म्हणालो. "पण इथं वाजवायचं ते कीबोर्डवर, बघायचं ते पडद्यावर. डबा तर नुसता बसून..."

वाक्य मी पूर्ण केलं नाही. भोकरदनला तो डबा टेबलावर उघडा होता, ते मला दिसायला लागलं.

बेबीनंदानं नाडीला हात घातला आणि काढून घेतला. "नको. राहू द्या तशीच. मला आधी अडकलेलं बघायचंय. काका, या. बसा."

"मी सोडून दिलं ते," दादा बाजेवरून म्हणाला. "आणि तुमच्यासमोर तर बिलकुल न्हाई."

"कामून? मला काय मोठं ड्रायव्हिंग येतं? मागच्या महिन्यात माझी स्कूटी नालीत गेल्ती. अख्ख्या भोकरदननं पाह्यलं."

दादा हसला नाही, पण उठला.

तिनं सोबत आणलेल्या सीडीतून एक छोटं सॉफ्टवेअर टाकलं. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात पिवळा आकडा दिसायला लागला. चाळीस. एक्केचाळीस. एकोणचाळीस.

"काका, सिनेमासारखंच असतं हे. एका सेकंदात चाळीस चित्रं येतात म्हणून ट्रक पळतो असं वाटतं. किती येतात ते हा आकडा सांगतो. हा आकडा माझा भाऊ नाही आणि तुमचाही नाही. ह्याला कोणाची मर्जी राखायची नाही. खेळा."

तिनं ते कोणाला उद्देशून म्हटलं ते मला कळलं. मी खाली पाहिलं.

दादानं डावा हात बटणांवर ठेवला. आखडलेली बोटं उजव्या हातानं एकेक करून सरळ केली. ट्रक निघाला. चाळीस, एकोणचाळीस, चाळीस. दोनदा दरीत गेला, दोनदा परत खालून निघाला. वैनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. खोलीत फक्त छताच्या पंख्याचा आवाज होता.

आणि मग आकडा पडला. सव्वीस. चौदा. नऊ. ट्रक ठेचकाळला. दादाचा उजवा हात तोंडाकडे निघाला.

"काका, डावा हात काढू नका! चालू ठेवा. आणि पडद्याकडं बघूच नका. हाताकडं बघा."

दादानं खाली पाहिलं. मधलं बोट बटण दाबत होतं, उठत होतं, दाबत होतं. हळू होतं, वाकडं होतं, पण चालू होतं. वर ट्रक ठप्प उभा.

"बोट चालू आहे ना?"

"हां."

"आकडा किती?"

दादानं वर पाहिलं. "आठ."

"मंग थांबलं कोण?"

दादा परत खाली बोटाकडे बघायला लागला. ट्रकचं त्याला काही राहिलंच नाही. बोट दाबत होता, सोडत होता, बघत होता. आपल्या हाताकडे इतक्या जवळून बघताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, मृदंगावरही नाही. तिथं तो कधी हाताकडे बघायचाच नाही.

बेबीनंदानं नाडी सोडली, गवसणी ओढून काढली. तव्याजवळ गेल्यासारखी झळ आली.

"इथं हात लावून बघा काका."

दादानं डावा पंजा उचलून डब्याच्या पत्र्यावर ठेवला. ठेवूनच राहिला. त्याला काहीच लागत नव्हतं. मग ते त्याच्या लक्षात आलं. डावा हात काढून उजवा लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"आग हाय की!"

"एप्रिलचं ऊन, आणि ह्याच्या अंगावर गोधडी. आतली चिप तापली की जळू नये म्हणून स्वतःच हळू होते. तुम्ही उठून गेलात की हा गार होतो. मग सर बसतात, पाच मिनिटं चालवतात, म्हणतात बराबर आहे."

वैनी चौकटीपाशी खाली बसल्या. "म्हणजे मीच केलं हे. महिनाभर ह्यांचा जीव... मी."

"वैनी, मी रोज नाडी बांधत होतो," मी म्हणालो.

"गप बसा दोघं," दादा म्हणाला. "तिनं शिवली, तू बांधली, मी येता-जाता वरून हात फिरवत होतो, चांगली शिवली म्हणून. तिघांचं हाय. चहा टाक द्वारका. मास्तरीणबाई कधीच्या उभ्या हायेत."

चहा होईपर्यंत डबा उघडाच ठेवला. घोंगडीची घडी काढून खाली दोन विटा लावल्या. बेबीनंदानं वैनींना सांगितलं की गवसणी टाकून द्यायची नाही, काम झालं, मशीन गार झालं की घालायची. वैनींनी ती मांडीवर घेतली आणि तिचा कापूस चाचपत बसल्या. कोणी हसलं नाही, कोणी रडलंही नाही. एवढे दिवस छातीवर जे दडपण होतं ते उतरायला पाहिजे होतं. उतरलं की नाही ते मला कळत नव्हतं. चहा गोड होता, एवढं कळत होतं.

"काका, आता खरा घाट," बेबीनंदा म्हणाली.

दादा परत बसला. चाळीस, एक्केचाळीस, चाळीस. दहा मिनिटं. पंधरा मिनिटं. मी आकड्याकडे बघत होतो, आकडा हलत नव्हता. वीस मिनिटं झाली. ट्रक पहिलं वळण चढला, दुसरं चढला, जिथं रोज अडकायचा ती जागा मागं गेली. महिन्याभरात दादानं न पाहिलेला घाट दिसायला लागला. अरुंद पूल आला. पुलाच्या तोंडाशी रस्ता एकदम उजवीकडे वळतो.

ट्रक वळला नाही. सरळ गेला, कठडा तोडला आणि ओंडक्यांसकट दरीत गेला.

आकडा चाळीस होता.

बेबीनंदानं रिकामा कप उचलून ओठाला लावला. वैनींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत काय होतं ते मला कळलं, कारण तेच माझ्या तोंडात तयार होतं. परत तापलं वाटतं, दादा. मशीनच जुनं, त्याचं काही खरं नाही. पूल तर अवघडच आहे, माझाही तिथंच पडतो. तीन-तीन वाक्यं रांगेनं उभी होती.

दादानं खुर्ची माझ्याकडे वळवली.

"रामकिसन. थांबलं होतं का?"

मी त्याच्या हाताकडे पाहिलं. मधलं बोट उजव्या वळणाच्या बटणावर पडलेलं होतं. दाबलेलं नव्हतं. थोडं थरथरत होतं.

"न्हाई दादा," मी म्हणालो. "चित्र चालू होतं. बोट दाबलंच न्हाई तुझं."

त्यानं मान खाली घातली नाही. माझ्याकडे बघत राहिला. बघता बघता त्याचा चेहरा सैल पडत गेला. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी मृदंग उतरवून ठेवल्यावर पडायचा, तसा.

"बराबर," दादा म्हणाला. "मला बी तसंच वाटलं. वळण दिसलं होतं मला. बोटाला सांगितलं. बोटानं ऐकलं न्हाई."

"न्हाई ऐकलं."

"उशिरा तरी दाबलं का नंतर?"

"दरीत गेल्यावर जरासं हललं."

"हललं?"

"हललं. जरासं."

दादानं हे वाक्य तपासून घेतलं. उलटसुलट करून, नाणं वाजवून बघावं तसं. मग खुर्ची परत पडद्याकडे वळवली, उजव्या हातानं ते मधलं बोट उचललं आणि बटणाच्या बरोबर मध्यावर ठेवलं.

"लाईट कितीला जाते?" त्यानं विचारलं.

"तीनला."

"किती वाजले?"

"दीड."

"मास्तरीणबाई, परत खालून कसं सुरू करायचं असतं? हा दरवेळी करून देतो, मला दाखवतच न्हाई."

बेबीनंदानं वाकून बटण दाखवलं. दादानं ते उजव्या हातानं दाबलं. खालच्या गावात ओंडके भरले गेले, आणि ट्रक निघाला.